वाचून दाखवले

रोज सकाळी नऊ वाजता इंदुताई खरवडे आमच्या आयर्लंडमधल्या वस्तीच्या, म्हणजे पार्कच्या, कचेरीसमोर येऊन उभ्या राहत. सुती पातळावर लेकीचा पावसाळी कोट, पायांत लोकरी मोजे आणि चपला, काखेत तांबड्या कापडी पाठीची लांब वही. समुद्रावरून येणारा वारा कोटाची टोपी मागे ढकलून देई. तिकडे त्यांचे लक्ष नसे. चष्मा नाकावर नीट बसवून त्या बंद दाराकडे पाहत आणि खणखणीत आवाजात पुकारा करीत, "मालक, हाजिर हो!"

आत चहा पीत बसलेले मालक हसत बाहेर येत. उंच, लालबुंद चेहऱ्याचे, बोलण्यात विलक्षण गोड असे ते गृहस्थ. नाव डेक्लन, आम्ही मराठी माणसे त्यांना 'मिस्टर डेक्लन' म्हणत असू. "आलं बघा आमचं हायकोर्ट!" अशा अर्थाचे काहीतरी ते म्हणत आणि जीपला टेकून उभे राहत.

इंदुताईंनी नागपूरच्या न्यायालयात तीस वर्षे रोजनामा लिहिला होता. खटल्याच्या प्रत्येक तारखेला कोण हजर होते, कोण गैरहजर होते, कोण काय म्हणाले आणि पुढे काय ठरले, याची जी नोंद ठेवली जाते तिला रोजनामा म्हणतात. सेवानिवृत्तीनंतर आणि यजमानांच्या मृत्यूनंतर त्या लेकीकडे, केतकीकडे, आयर्लंडला येऊन राहिल्या. परंतु हात थांबला नाही. "जज बदलते, वकील बदलते, पक्षकार मरून जाते जी," त्या मला म्हणत, "रोजनामा राहते. त्यात जे नाही, ते झालंच नाही समजा."

पार्कमध्ये आदल्या दिवशी जे घडले असेल ते त्या मराठीत लिहीत आणि मालकांसमोर आपल्या न्यायालयीन इंग्रजीत मोठ्याने वाचून दाखवीत. 'सदरहू नळ कालपासून कोरडा आहे. सदरहू मालक म्हणतात, उद्या बघतो.' मालक पोट धरून हसत. मग इंदुताई नोंदीखाली 'वाचून दाखवले, मान्य' असे लिहीत आणि लेखणी पुढे करीत. मालक जीपच्या टपावर वही ठेवून झोकदार सही करीत. त्यांना तो खेळ वाटे. खरे सांगायचे तर मलाही तो खेळच वाटत होता.

मी आयुष्यभर संस्कृत शिकविले. क्रोध हा माणसाचा वैरी, असे शेकडो विद्यार्थ्यांना सांगितले आणि स्वतःही शक्य तितके पाळले. हे लिहीत असताना मात्र तो वैरी माझ्या शेजारी बसला आहे, आणि मी त्याला ऊठ म्हणणार नाही.

ज्यांनी तो पार्क पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. माझा मुलगा अनिरुद्ध डब्लिनजवळ चेरीवूडला संगणकाच्या कंपनीत काम करतो. डब्लिनमध्ये घर मिळेना, म्हणून तासाभराच्या अंतरावर समुद्रकाठी या मोबाइल होम पार्कमध्ये त्याने बिऱ्हाड केले. मोबाइल होम म्हणजे चाकांवरचे घर. मात्र ती चाके गवतात रुतून वर्षानुवर्षे हललेली नसतात. घर तुमचे, जमीन मालकाची, आणि जमिनीवर राहण्याच्या परवानगीचा कागद दर वर्षी नवा. कागदावर ती जागा उन्हाळी सुट्टीत येणाऱ्यांची. तोंडाने मात्र मिस्टर डेक्लन प्रत्येकाला सांगत, "राहा हो वर्षभर. कोण बघतंय? सगळं ग्रँड होईल." ग्रँड म्हणजे त्या देशात उत्तम नव्हे, नुसते ठीक. एवढ्या एका शब्दाच्या भरवशावर आमची बारा मराठी कुटुंबे आणि तितकेच आयरिश लोक तिथे थंडीवाऱ्यात राहत होते.

मी तिथे गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्येसाठी पळी-पंचपात्र घेऊन बसलो, तो नळाला पाणी नाही. शेजारच्या घरातून इंदुताई आल्या, मला तांब्याभर पाणी दिले आणि वहीत लिहू लागल्या, "गुरुजींच्या संध्येस अर्घ्यापुरतेही पाणी नाही." मी संकोचून म्हणालो, "अहो, हे कशाला लिहिता? किरकोळ आहे." त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, "किरकोळ आहे तं आज दुरुस्त होईन. नाही झालं, म्हणजे किरकोळ नाही." नऊ वाजता मालकांनी त्याखाली सही केली. दुपारी पाणी आले.

त्यांच्या पलीकडचे घर मॉरीनचे. सत्तरी उलटलेली, एकटी, हाडकुळी आयरिश बाई. नवरा वारल्यापासून तेरा हिवाळे ती तिथेच काढत होती. इंदुताई तिच्याशी सरळ वऱ्हाडीत बोलत, ती इंग्रजीत बोले, आणि दोघींचे काही अडत नसे. तिकडे फडताळाला प्रेस म्हणतात. तेवढा एक शब्द इंदुताईंनी उचलला होता. "मॉरीन, पोहे प्रेसमध्ये ठेवले बरं. गार नको खाऊ, बाई." आतून उत्तर येई, "यू आर अ स्टार, इंदू."

आता माझा अपराध सांगतो.

त्या वर्षी गणेशोत्सवासाठी मिस्टर डेक्लननी पार्कचे सभागृह दिले. आमच्या तरुण मंडळींना भरून आले. शाल-श्रीफळ द्यावे, मानपत्र द्यावे, असे ठरले आणि मानपत्र लिहिण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. मी दोन दिवस खपून लिहिले. 'आपल्या छत्रछायेत आम्हांस कशाचीही उणीव नाही. आपला शब्द आम्हांस शिरसावंद्य आहे.' लिहून झाल्यावर कौतुकाच्या अपेक्षेने मी ते इंदुताईंना दाखविले. त्यांनी दोनदा वाचले.

"गुरुजी, ह्या माणसाले एवढं कायले चढवून राहिले तुमी?"

"अहो, ही मानपत्राची रीत आहे."

"उणीव नाही? परवा मॉरीनच्या घरात गटाराचं पाणी शिरलं ते? अन् हे 'शिरसावंद्य' काढा. असा एक शब्द माणसाले पाच वर्षं कोर्टात फिरवते."

मला राग आला. विद्येचा अहंकार मोठा चिवट असतो. मी म्हणालो, "इंदुताई, हे काव्य आहे, दावा नव्हे." त्या शांतपणे म्हणाल्या, "मंग माही सही त्यावर नको," आणि मोदकांची उकड काढायला निघून गेल्या.

आरतीनंतर प्रसादाच्या ताटाबरोबर तो कागद हातोहात फिरला. एका हातात मोदक, दुसऱ्या हाताने सही. एकट्या इंदुताई सोडून सगळ्यांनी केली; कोणी एक ओळही वाचली नाही. मॉरीन सुद्धा आली होती. तिने मला विचारले, "यात काय लिहिलंय?" मी हसून म्हणालो, "सगळे चांगले शब्द आहेत." तिने विश्वासाने सही केली. पुढच्या आठवड्यात मालकांनी अनिरुद्धकडून त्याचे इंग्रजी भाषांतर करून घेतले, मानपत्राला चौकट केली आणि ते कचेरीत लावले. मला धन्य वाटले.

तीन आठवड्यांनी नोटीस आली. ठरावीक वर्षांहून जुनी घरे पार्कची शोभा घालवितात, तरी त्यांच्या मालकांनी ती वर्षअखेर उचलून न्यावीत. सर्वांत जुने घर मॉरीनचे. त्याचा तळ इतका गंजला होता की हलविताच ते जागच्या जागी मोडले असते. तिला जायला दुसरी जागा नव्हती. ती कचेरीत जाऊन रडली. मिस्टर डेक्लननी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिला चहा दिला आणि सांगितले, "काळजी करू नकोस, ग्रँड होईल." नोटीस मात्र मागे घेतली नाही.

केतकीने चौकशी केली. अशा पार्कमध्ये राहणाऱ्यांना तिथले भाडेकरूंचे संरक्षण पुरते मिळत नाही. न्यायालयात जावे तर तोवर वर्षअखेर उलटून जाईल. मध्यस्थासमोर दोन्ही पक्षांनी बसणे, एवढाच मार्ग उरला. मालक तत्काळ तयार झाले. ते का तयार झाले, ते आम्हाला नंतर कळले.

चर्चमागच्या लहान सभागृहात बैठक झाली. एका बाजूस मालक, दुसऱ्या बाजूस मॉरीन, इंदुताई, केतकी आणि मी, मध्ये पांढऱ्या केसांच्या मध्यस्थ बाई. आमच्या बारा कुटुंबांपैकी दुसरे कोणी आले नाही. "काका, वर्किंग डे आहे ना," असे कळविण्यात आले.

मालकांनी काखेतून चौकट काढली आणि टेबलावर ठेवली. माझे मानपत्र! शेजारी अनिरुद्धचे भाषांतर. ते मृदू आवाजात म्हणाले, "इथल्या लोकांची काही तक्रार नाही, मॅडम. त्यांनीच लिहून दिलंय. कशाचीही उणीव नाही, आणि माझा प्रत्येक शब्द त्यांना मान्य आहे. ही पाहा मॉरीनची सही. आणि वर्षभर राहण्याचं म्हणाल, तर तशी परवानगी मी कुणालाच दिलेली नाही. ही सुट्टीची जागा आहे."

मॉरीनचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माझ्याकडे पाहिले. ती दृष्टी मी अजून विसरलेलो नाही. रोज पूजेला बसलो की ती आधी समोर येते.

इंदुताई उठल्या. मला वाटले, आता वही उघडतील. परंतु त्या माझ्याकडे वळल्या.

"गुरुजी, एक विचारते, खरं सांगा. मॉरीनले हा कागद वाचून दाखवला होता काय?"

मोघम काही बोलून सुटता आले असते. मी म्हणालो, "नाही."

"सह्या करणाऱ्यांपैकी कोणाले?"

"कोणालाही नाही."

"इंग्रजीत सांगा. बाईले समजू द्या."

मी, शहात्तर वर्षांचा, आयुष्यभर शब्दांची सेवा केलेला माणूस, उभा राहिलो आणि परक्या भाषेत, परक्या बाईंसमोर कबूल केले की हे सारे मी एकट्याने रचले, त्यातले वर्णन खरे नव्हते, आणि या वृद्धेने विचारले असतानाही मी तिला काय लिहिले आहे ते सांगितले नाही. इंदुताईंनी माझ्याकडे पाहून फक्त मान हलविली, साक्षीदाराची उलटतपासणी संपल्यावर हलवावी तशी.

मग त्यांनी वही उघडली. फेब्रुवारीचे पान. त्या इंग्रजीत वाचू लागल्या, "मॉरीन यांनी विचारले, मला इथून काढणार तर नाही? सदरहू मालक म्हणाले, तुझे हातपाय चालतात तोवर इथेच राहा, कागदाकडे पाहू नकोस." खाली ती झोकदार सही.

मालक उसळले. "पण हे तिच्या भाषेत आहे! तिने काय लिहिलं ते मला काय ठाऊक?"

"म्हणून तं वाचून दाखवलं," इंदुताई म्हणाल्या; केतकी ते बाईंना इंग्रजीत सांगत होती. "अंगठा लावणाऱ्याले वाचून दाखवल्याशिवाय मी तीस वर्षांत एक कागद फायलीत घातला नाही. विचारा त्याले, वाचलं होतं का नाही."

मध्यस्थ बाईंनी विचारले. मालकांनी चौकट जवळ ओढली. उत्तर मॉरीनने दिले, "रोज वाचायची, मॅडम. सकाळी नऊला, अख्ख्या पार्कला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आम्हाला घड्याळ लागत नसे." मध्यस्थ बाई हसू आवरू शकल्या नाहीत.

चार तासांनी लेखी तडजोड झाली. मॉरीन हयात असेपर्यंत तिच्या घराला हात लावायचा नाही. मालक सही करायला वाकले, तेव्हा इंदुताईंनी हात आडवा धरला. "पहिले वाचून दाखवा." बाईंनी पूर्ण कागद वाचला, मग सह्या झाल्या. निघताना मिस्टर डेक्लन इंदुताईंना दार उघडून देत, त्याच गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही ग्रँड आहात, इंदू. फक्त तुमच्या लेकीचा कागद वर्षाचाच आहे, हे विसरू नका." बाहेर आल्यावर मी म्हणालो, "तुमचेही नाव तडजोडीत घालायला हवे होते." त्या म्हणाल्या, "आज तारीख मॉरीनची होती."

नव्या वर्षात केतकीला दोन ओळींचे पत्र आले. परवाना वाढविणार नाही. मार्चअखेर जागा मोकळी करावी. कारण दिलेले नव्हते. ते देण्याचे बंधनही नव्हते.

मी निषेधाचे पत्र लिहिले. एकही विशेषण घातले नाही. ते घेऊन मी आमच्या मराठी कुटुंबांत दारोदार हिंडलो, आणि तिथे जे पाहिले ते या वयात पाहायला नको होते. ज्यांनी मोदक खाता खाता स्तुतीवर न वाचता सही केली होती, ते आता चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचू लागले. "काका, हा दुसरा पॅरा जरा हार्श वाटतो." "काका, माझं व्हिसा रिन्यूअल चालू आहे, यू नो." "इंदुमावशींबद्दल खूप रिस्पेक्ट आहे, पण उगाच पंगा कशाला?" "युअर मॅन चांगला आहे हो, त्याने आपल्याला गणपतीला हॉल दिला." युअर मॅन म्हणजे तिकडच्या बोलीत 'तो माणूस'. इंदुताईंच्या घरची पुरणपोळी न खाल्लेले यांतले एकही घर नव्हते. त्यांची मुले तापाने फणफणली, तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसलेली बाई होती ती! मी हात जोडून उभा होतो आणि ते मला चहा देत होते.

शेवटी मी माझ्या घरी आलो. अनिरुद्धने पत्र वाचले आणि टेबलावर ठेवले. सून म्हणाली, "बाबा, आपलाही कागद वर्षाचाच आहे." अनिरुद्ध खिडकीबाहेर पाहत राहिला. माझ्याच घरातली सही मला मिळाली नाही. पत्रावर तीन नावे राहिली : केतकी, मॉरीन आणि मी. मालकांनी ते माझ्यासमोरच घडी घालून खिशात टाकले आणि विचारले, "बस, एवढंच?"

मार्चअखेर केतकीचे घर उचलण्याचा प्रयत्न झाला, पण त्याचा तळ निखळला. मग यंत्र आणून ते तिथेच मोडण्यात आले. केतकीला डब्लिनजवळच्या लिक्सलिपला तीन अनोळखी मुलींबरोबर एक खोली मिळाली. आईला तिथे जागा नव्हती. इंदुताईंचे नागपूरचे तिकीट निघाले. यंत्राचा दात त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत शिरला, तेव्हा त्या मॉरीनच्या पायरीवर बसून लिहीत होत्या. मी जवळ गेलो. त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "बघा बरं, काही राहिलं काय?"

नोंद होती : 'हजर : मी, केतकी, मॉरीन, गुरुजी. गैरहजर : बाकी सगळे.'

त्यांच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. त्यांनी टोपण लावून लेखणी वहीत ठेवली आणि वही माझ्या हातात दिली. "आता तुमी लिहा, गुरुजी. फक्त विशेषणं नका घालू."

त्या दिवसापासून रोज नऊ वाजता मी कचेरीसमोर उभा राहतो. पुकारा करायला सुरुवातीला लाज वाटे. आता वाटत नाही. मिस्टर डेक्लन बाहेर येतात, ऐकून घेतात, पण त्या बैठकीनंतर त्यांनी एकाही नोंदीवर सही केलेली नाही. सही नाकारली तर काय करायचे, हे मी नागपूरला फोन करून विचारले होते. "तेही लिहायचं," इंदुताई म्हणाल्या. "लिहायचं ते आपलं काम. त्याची सही हे त्याचं काम." दर रविवारी त्यांचा फोन येई आणि पहिला प्रश्न ठरलेला असे, "मॉरीनच्या घरात पाणी आहे नं?"

यंदाच्या गणपतीला मंडळी पुन्हा माझ्याकडे आली. "काका, मिस्टर डेक्लनसाठी दोन ओळी..." मी त्यांना दार दाखविले. या जन्मात पाहुण्याला दार दाखविण्याची माझी ती पहिली वेळ. देव्हाऱ्यासमोर बसून मी त्याबद्दल क्षमा मागायला हात जोडले आणि तसेच सोडले. क्षमा मागावीशी वाटली नाही.

ऑक्टोबरमध्ये केतकीचा फोन आला. नागपूरला इंदुताई सकाळी चहा करता करता गेल्या. मी मॉरीनला सांगितले. तिने प्रेस उघडला, तिथे ठेवलेला पोह्यांचा रिकामा डबा बाहेर काढला आणि तो कुशीत घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी स्नानसंध्या आटोपून नऊ वाजता कचेरीसमोर गेलो. मॉरीन काठी टेकत माझ्याबरोबर आली. जिथे इंदुताईंचे घर होते तिथे आता खडी पसरून नवे घर उभे करण्याची तयारी चालली होती. मी वही उघडली आणि पुकारा केला. मिस्टर डेक्लन आले. मी त्यांना बातमी सांगितली. त्यांनी टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाले, "देव तिला शांती देवो. फार चांगली बाई होती. मी तिला कधी जा म्हणालो नव्हतो."

मी ते शब्द जसेच्या तसे लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखविले. मग वही जीपच्या टपावर ठेवली आणि लेखणी पुढे केली. ते वहीकडे पाहत राहिले. वारा पाने उलटवू पाहत होता. मॉरीनने त्यांवर आपला हात ठेवला. मालकांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते आत निघून गेले.

त्या दिवसाची नोंद अशी आहे : 'पुकारा केला. इंदुमती खरवडे, गैरहजर. मालक हजर. मालकांचे म्हणणे वर लिहिले आहे. वाचून दाखवले. सही करण्यास नकार.'